सव्वीसचा सौदा

तळघरात वेळ कळत नाही.
वर स्वारगेटकडे वळणाऱ्या बसचा ब्रेक
काँक्रीटमधून झिरपत येतो, दात शिवशिवावा तसा.
त्यावरून साडेसात झाले असावेत.

स्क्रीनवर होले गेनबा, वय एकोणसाठ,
तीन-तीन मिलिमीटरच्या चकत्यांत.
काकडी चिरावी तसा माणूस,
फक्त चकत्या एकमेकींपासून सुटत नाहीत.
जिभेच्या मुळाशी डावीकडे
बागवान मॅडमनी लाल कडं काढून ठेवलंय :
इथे सत्तर ग्रे. पस्तीस दिवसांत.
त्यांचं काम मारायचं.
बाकीचं वाचवायचं माझ्याकडे.

गेल्या मंगळवारी मुखवटा घेतला.
गरम पाण्यातून काढलेली जाळी, भाकरीएवढी मऊ,
संदेशने दोन्ही टोकं धरून चेहऱ्यावर ताणली.
"काका, गिळू नका."
काकांनी नेमका तेव्हाच आवंढा गिळला.
पुन्हा केला.
पहिला मुखवटा फेकून द्यायचा असतो.
तो अजून कपाटावर आहे, आवंढ्यासकट.

तीस वर्षं गुलटेकडीच्या गाळ्यावर
हा माणूस पहाटे चारपासून मेथीचा भाव पुकारायचा.
आता घोगरं बोलतो, थांबून थांबून,
अकरा दात काढलेत, हिरड्या अजून ओल्या आहेत.
जगेन का, असं विचारलं नाही.
विचारलं ते हे : "सासवडला दोन अंजिराची झाडं हायेत.
चव लागंल का, ताई?"
मग स्वतःच विषय बदलला.
लहानपणी बापाबरोबर बैलबाजारात
रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे,
तोंडानं कुणी ब्र काढायचा नाही.
"ह्या तुमच्या जाळीखाली
कोण कुणाची बोटं दाबतंय?"

मी, काका.
आत्ता, साडेसातला, चहा गार करून
मीच दाबतेय.

डावी लाळग्रंथी सोडून दिली.
गाठीला बिलगून बसलीय, तिचा भाव करता येत नाही.
उजवी मात्र हवी.
मशीन म्हणतं, एकतीस.
मी म्हणते, चोवीस.
मशीन विचार करतं, पंखा घरघरतो,
आणि गाठीच्या कडेला एक कोपरा
उपाशी राहिल्याचं दाखवतं, निळा.
तो भरते, तर मात्रा जबड्यात फुगते.
जबडा दाबते, तर गिळायच्या स्नायूंवर सरकते,
गादीतला कापूस जसा.
मणका तर पंचेचाळीसच्या वर बोलूच देत नाही,
जुना अडत्या, मान हलवतो आणि गप्प.

आणि हे सगळं थुंकीसाठी.
जिन्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात
देवांच्या फरशा लावल्यात, कुणी थुंकू नये म्हणून.
तीन मजले त्या थुंकीला शिव्या,
आणि इथे खाली मी
तिच्या एकेका थेंबासाठी घासाघीस करतेय.
लाळेचं कुणी कधी नाव काढत नाही.
ती आटल्यावर मात्र
भाताचं शीत टाळूला चिकटतं, रात्री तीनला जीभ लाकूड होते,
माणूस उशाशी बाटली घेऊन झोपतो,
वर्षानुवर्षं.

अठ्ठावीस.
सत्तावीस पूर्णांक चार.
सव्वीसच्या खाली आली तर आशा धरायची,
असं आमचं पुस्तक म्हणतं. पुस्तकाला अंजीर माहीत नाही.
सव्वीस पूर्णांक एक.
सव्वीस पूर्णांक एक.
सव्वीस पूर्णांक एक.
ही तीन वार नाहीत, मी नुसती बघत बसलेय.

मग उजवीकडच्या एका किरणाला
दोन अंश वळवलं, का ते सांगता येणार नाही.
पंचवीस पूर्णांक आठ.

जतन केलं. मॅडमना पाठवलं.
उद्या त्या एखादी रेघ खोडतील, मी भांडेन.
सोमवारी पहिला दिवस.
तिसऱ्या आठवड्यात काकांचं वजन उतरेल,
मुखवटा सैल होईल, सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.
हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

बाहेर फाटकाशी गाडीवर एक मुलगा
आवळ्यांना तिखटमीठ लावत होता.
नुसतं पाहिलं
आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं.
इतकं फुकट.
मी उभी राहून ते गिळलं.